रेयेव्स्कीची सहा समीकरणे

१५ जुलै १९२८ पासून जर्मन लष्कराच्या वायरलेसवर नव्या जातीचे संदेश येऊ लागले. पोलंडच्या श्रवणकेंद्रांनी ते उतरवून घेतले आणि वॉर्सातल्या सायफर ब्युरोकडे पाठवले. तिथल्या अनुभवी लोकांना ते फोडता येईनात. कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून गुप्तलिपी फोडायची जुनी पद्धत इथे चालत नव्हती, कारण सगळी अक्षरे जवळपास सारख्याच प्रमाणात येत होती. हे हाताने केलेले काम नाही, यंत्राचे आहे, एवढे त्यांच्या लक्षात आले. बाजारात मिळणारे एनिग्मा यंत्र त्यांनी विकतही घेतले. पण लष्कराच्या यंत्रातली तारांची जोडणी वेगळी होती, आणि १९३० मध्ये त्यात अक्षरांची अदलाबदल करणारा प्लगबोर्डही आला.

ही जोडणी मारियान रेयेव्स्कीने १९३२ च्या अखेरीस कागद-पेन्सिलीवर शोधून काढली. तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि लष्करी एनिग्मा त्याने डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्तलिपीच्या गोष्टी बहुधा ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या युद्धकाळातल्या गुप्तलिपी-केंद्रापासून सांगितल्या जातात. गणिताच्या दृष्टीने सर्वांत धाडसी पाऊल मात्र त्याच्या सात वर्षे आधी पडले होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पाऊल नेमके कसे पडले, ते इथे सविस्तर मांडतो.

आधी यंत्र समजून घेऊ. आर्थर शेर्बिउस या जर्मन अभियंत्याने १९१८ मध्ये त्याचे पेटंट मागितले होते. टाइपरायटरसारखी २६ बटणे आणि वर २६ छोटे दिवे. बटण दाबले की वीज प्रथम प्लगबोर्डमध्ये जाते. तिथे काही अक्षरांच्या जोड्या केबलने जोडलेल्या असतात, म्हणजे त्या अक्षरांची आपसात अदलाबदल होते. तिथून प्रवेशचक्र, म्हणजे बटणांकडच्या तारा जिथे येऊन मिळतात ते चाक, मग उजवीकडून डावीकडे एकामागून एक तीन रोटर. रोटरच्या दोन्ही बाजूंना २६-२६ संपर्कबिंदू असतात आणि आत २६ तारा वेड्यावाकड्या जोडलेल्या असतात. या बाजूला पाचव्या बिंदूत शिरलेली वीज त्या बाजूला एकोणिसाव्यातून बाहेर पडेल, असे काहीतरी. डाव्या टोकाला रिफ्लेक्टर. तो वीज मागे फिरवतो आणि ती तिन्ही रोटरमधून वेगळ्या वाटेने परत येऊन, प्लगबोर्ड ओलांडून एक दिवा पेटवते. दर बटणाला उजवा रोटर एक घर पुढे सरकतो, ठराविक जागी तो मधल्याला ढकलतो आणि मधला डाव्याला. त्यामुळे तेच अक्षर लागोपाठ दाबले तरी बहुधा वेगळा दिवा लागतो. तीन रोटरच्या स्थिती २६ × २६ × २६, म्हणजे १७,५७६. रोटर बसवण्याचे क्रम सहा.

रिफ्लेक्टरमुळे एक सोय झाली. त्याच स्थितीत ‘ए’ दाबल्यावर ‘एस’ लागत असेल, तर ‘एस’ दाबल्यावर ‘ए’ लागणारच, त्यामुळे संदेश बनवायला आणि उलगडायला एकच यंत्र पुरे. या सोयीची किंमतही होती. कोणत्याही क्षणी यंत्र म्हणजे २६ अक्षरांच्या १३ जोड्या, आणि कोणतेही अक्षर स्वतःमध्ये कधीच बदलत नाही. पुढचे सगळे गणित या दोन वाक्यांवर उभे आहे.

जर्मनांचा भरवसा आकड्यांवर होता आणि आकडे खरोखर प्रचंड होते. प्लगबोर्डावर सहा केबल लावण्याचे प्रकार सुमारे १०,०३९ कोटी होतात. एका रोटरमधल्या तारा जोडण्याचे प्रकार लिहायचे तर ४ वर २६ शून्ये द्यावी लागतील, आणि असे रोटर तीन. सगळे प्रकार एकेक करून तपासायचे, तर काम कधीच संपले नसते. पण समोरच्याने तसेच करायला हवे, अशी सक्ती कुठे होती?

पोलंडने इथे एक वेगळा निर्णय घेतला होता. जानेवारी १९२९ मध्ये पॉझ्नान विद्यापीठातल्या गणिताच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी गुप्तलिपीचा अभ्यासक्रम सुरू झाला. पॉझ्नान पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन राजवटीत होते, त्यामुळे तिथल्या मुलांना जर्मन चांगली येत असे. विद्यार्थी निवडायला प्राध्यापक झ्जिस्लाव क्रिगॉव्स्कींची मदत झाली. त्या वर्गातून तिघे टिकले: रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की. तोपर्यंत युरोपभर या कामाला भाषातज्ज्ञ आणि शब्दकोडी सोडवण्यात हुशार असलेले लोक घेत. यंत्राविरुद्ध गणिती बसवायला हवेत हे पोलंडने इतरांच्या आधी ओळखले. १ सप्टेंबर १९३२ रोजी तिघे वॉर्साच्या ब्युरोत रुजू झाले. काही आठवड्यांनी जर्मन विभागाचे प्रमुख माक्सिमिलियान चेंश्की यांनी रेयेव्स्कीला वेगळी खोली दिली आणि एनिग्माचे काम त्याच्या एकट्याकडे सोपवले. इतर दोघांनाही त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता.

त्याच्यापुढे रोज येणारे संदेश होते. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला सहा अक्षरे असत, आणि त्यामागची पद्धत अशी होती. त्या दिवसासाठी रोटरची एक मूळ स्थिती सगळ्या जाळ्याला ठरवून दिलेली असे. संदेश पाठवणारा ऑपरेटर स्वतःच्या मनाने तीन अक्षरांची किल्ली निवडायचा, यंत्र मूळ स्थितीत आणून ती तीन अक्षरे लागोपाठ दोनदा टाइप करायचा, आणि मग त्या किल्लीवर रोटर ठेवून खरा संदेश लिहायचा. दोनदा टाइप करण्याचे कारण साधे होते: वायरलेसवर खरखर असते, एखादे अक्षर चुकीचे ऐकू आले तर ताळा घेता यावा. ही काळजी समजण्यासारखी आहे. पण त्या एका खबरदारीने पहिले आणि चौथे, दुसरे आणि पाचवे, तिसरे आणि सहावे अक्षर एकमेकांशी बांधले गेले. शिवाय मूळ स्थिती सगळ्यांची एकच, म्हणून दिवसभरातल्या सगळ्या संदेशांची पहिली सहा अक्षरे एकाच पिशवीत टाकून अभ्यासता येत होती. नुसत्या दुहेरी टाइपिंगने इतके नुकसान झाले नसते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे दार उघडले.

रेयेव्स्कीने पुढे स्वतः दिलेल्या उदाहरणातले तीन संदेश पाहा: ‘डी-एम-क्यू व्ही-बी-एन’, ‘व्ही-ओ-एन पी-यू-वाय’, ‘पी-यू-सी एफ-एम-क्यू’. पहिल्यावरून, पहिल्या जागी ‘डी’ असेल तर चौथ्या जागी ‘व्ही’. दुसऱ्यावरून ‘व्ही’नंतर ‘पी’, तिसऱ्यावरून ‘पी’नंतर ‘एफ’. साखळी सुरू झाली: डी, व्ही, पी, एफ… दिवसाला साधारण ८० संदेश मिळाले की सगळी अक्षरे कुठल्या ना कुठल्या साखळीत बसतात आणि प्रत्येक साखळी फिरून स्वतःच्या सुरुवातीशी येते. या दिवशी पहिल्या व चौथ्या जागेच्या साखळ्या १०, १०, २, २, १, १ अशा लांबीच्या निघाल्या. दुसऱ्या व पाचव्याच्या ९, ९, ३, ३, १, १. तिसऱ्या व सहाव्याच्या १३ आणि १३.

लांब्या जोडीनेच येतात, आणि हा योगायोग नव्हे. मूळ स्थितीपासून पहिल्या बटणाला यंत्र जी १३ जोड्यांची अदलाबदल करते तिला अ१ म्हणू, दुसऱ्या बटणाची अ२, असे अ६ पर्यंत. आपल्याला दिसणारी साखळी म्हणजे अ१ आणि अ४ यांचा गुणाकार, म्हणजे आधी एक आणि मग दुसरी अदलाबदल करणे: ‘डी’वरून ऑपरेटरच्या अज्ञात अक्षराकडे, तिथून ‘व्ही’कडे. रेयेव्स्कीने सिद्ध केले की अशा दोन अदलाबदलींच्या गुणाकारात प्रत्येक लांबीच्या साखळ्या सम संख्येनेच येतात. उलट, अशा जोडीदार साखळ्या समोर असतील तर त्यांतून मूळ दोन अदलाबदली परत काढता येतात: एक साखळी वर लिहायची, तिची जोडीदार उलट क्रमाने खाली, आणि वरखालची अक्षरे म्हणजे जोड्या. खालची साखळी किती घरे सरकवून ठेवायची एवढाच प्रश्न उरतो. या दिवसासाठी पर्याय मोजले तर पहिल्या संचाला २०, दुसऱ्याला २७, तिसऱ्याला १३, गुणाकार ७,०२०. कोटींच्या कोटींवरून आपण चार आकडी संख्येवर आलो.

आणि इथे माणूस मदतीला येतो. मनाने तीन अक्षरे निवडायला सांगितली की घाईतला ऑपरेटर ‘ए-ए-ए’ टाइप करतो. त्या दिवशीच्या ढिगात ‘एस-वाय-एक्स एस-सी-डब्ल्यू’ पुन्हा पुन्हा येत होते. ते ‘ए-ए-ए’ आहे असे धरून पाहू. एकेकट्या साखळ्यांत ‘ए’ आणि ‘एस’ आहेतच, तेव्हा पहिल्या जागी या दोघांची जोडी पक्की. दुसऱ्या जागी ‘ए’ची जोडी ‘वाय’शी हवी. तिथल्या तीन लांबीच्या साखळ्या आहेत (ए एक्स टी) आणि (सी जी वाय). ‘ए’ एकीत, ‘वाय’ दुसरीत. वर ‘ए एक्स टी’, खाली उलट क्रमाने ‘वाय जी सी’ लिहिले की अ२ मधल्या जोड्या मिळाल्या: ए-वाय, एक्स-जी, टी-सी. तिसऱ्या जागी ‘ए’ची जोडी ‘एक्स’शी. तिथे १३ लांबीच्या दोनच साखळ्या, म्हणून या एका जोडीने अ३ मधल्या तेराही जोड्या एका दमात ठरतात आणि अ६ च्याही. अंदाज चुकला असता तर कुठेतरी विसंगती दिसली असती. ऑपरेटरांच्या अशा आणखी काही आवडत्या किल्ल्या ओळखून रेयेव्स्कीने अ१ ते अ६ पूर्णपणे मिळवले. यंत्र न पाहता, प्लगबोर्ड न जाणता, केवळ सहा अक्षरांवरून.

आता रोटर. प्लगबोर्डाला प म्हणू, उजव्या रोटरच्या तारांना र, एक घर सरकण्याला ग, आणि डावीकडच्या उरलेल्या सगळ्या यंत्रणेला, म्हणजे दोन रोटर आणि रिफ्लेक्टरला मिळून म. उलट क्रिया ′ या खुणेने दाखवू. तर

अ१ = प · ग · र · ग′ · म · ग · र′ · ग′ · प′

अ२ मध्ये प्रत्येक ग दोनदा, अ३ मध्ये तीनदा, आणि असेच अ६ पर्यंत. अशी सहा समीकरणे. यात एक गृहीत दडलेले आहे: या सहा बटणांमध्ये फक्त उजवा रोटर हलला. सरासरी २६ पैकी २१ दिवशी ते खरे असते, म्हणून ते धरून चालणे रास्त. डावी बाजू ज्ञात, ग ज्ञात, आणि प, र, म ही तीन अज्ञाते. एवढ्यावर ही समीकरणे सोडवण्याचा सोपा मार्ग रेयेव्स्कीला दिसत नव्हता.

मदत फ्रान्सकडून आली. जर्मन संकेतलिपी कार्यालयातला कर्मचारी हान्स-थिलो श्मिट १९३१ पासून फ्रेंच गुप्तहेर खात्यातल्या गुस्ताव्ह बर्त्राँ यांना पैशांसाठी कागदपत्रे विकत होता. फ्रेंच आणि ब्रिटिश तज्ज्ञांनी ती पाहिली. त्यांना त्यांतून यंत्र फोडता आले नाही. बर्त्राँनी ती पोलंडला दिली. १९३२ च्या डिसेंबरमध्ये रेयेव्स्कीच्या टेबलावर सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९३२ च्या रोजच्या किल्ल्या आल्या, प्लगबोर्डाच्या जोडण्यांसह. प ज्ञात झाला.

यश हेरगिरीचे की गणिताचे, हा वाद अनेकदा ऐकू येतो. माझ्या मते तो चुकीच्या जागी घातला जातो. किल्ल्यांमुळे एक अज्ञात कमी झाले, आणि ते मोठेच होते. रेयेव्स्कीनेही या कागदांचे महत्त्व कधी नाकारले नाही. पण त्या कागदांवर रोटरच्या तारांबद्दल एक अक्षरही नव्हते. किल्ल्या कुठल्या समीकरणात घालायच्या हे ठाऊक असलेला माणूस त्या डिसेंबरात एकच होता.

प ज्ञात झाल्यावर दोन्ही बाजूंचे प आणि ग सोलून काढता येतात. उरते ते ब१, ब२… ब६, ज्यांत फक्त र आणि म आहेत. शेजारच्यांचा गुणाकार केला की एक सुंदर गोष्ट घडते. ब१ब२ आणि ब२ब३ यांच्या मध्यभागी तोच गाभा दिसतो आणि फरक फक्त एका सरकण्याचा असतो:

ब२ब३ = क′ · (ब१ब२) · क, जिथे क = र · ग · र′

तोच क ब२ब३ ला ब३ब४ शी जोडतो, मग ब४ब५ शी, मग ब५ब६ शी. म या सगळ्यातून गळून पडला. हे जुळते कसे? गोलात बसलेल्या मुलांची नावे बदलली, तरी कोणत्या गोलात किती मुले हे बदलत नाही. दोन्ही बाजूंनी क आणि क′ लावणे म्हणजे फक्त नावे बदलणे. साखळ्यांच्या लांब्या तशाच राहतात. म्हणून ब१ब२ च्या साखळ्या वर आणि ब२ब३ च्या खाली लिहिल्या की जुनी आणि नवी नावे समोरासमोर येतात. एका जोडीतून क चे बरेच उमेदवार निघतात, पण चारही जोड्यांना चालेल असा एकच उरतो. तो उमेदवार २६ अक्षरांची एकच सलग साखळी असायला हवा, कारण तो ग चेच नवे रूप आहे. ती साखळी ए ते झेड या क्रमाखाली मांडली की रोटरच्या तारा समोर येतात. खाली सरकवण्याचे २६ पर्याय राहतात. ते पुढच्या टप्प्यावर सुटतात.

निदान कागदावर तरी असे होते. प्रत्यक्षात सगळे मांडूनही उत्तर येईना. दोष अशा जागी होता जिथे कोणी बघितले नसते. बटणांपासून येणाऱ्या तारा प्रवेशचक्राला कोणत्या क्रमाने जोडल्या आहेत? बाजारातल्या यंत्रात त्या कीबोर्डच्या क्रमाने होत्या: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, झेड, यू… लष्करी यंत्रातही तसेच असेल असे रेयेव्स्कीने धरले होते. हा क्रम दुसरा कोणताही असू शकत होता, आणि २६ अक्षरांचे क्रम मोजायचे म्हणजे पुन्हा तीच २६ शून्ये. त्याने जर्मन स्वभावाचा विचार केला: व्यवस्थितपणाची आवड असलेल्या लोकांनी काय केले असेल? सरळ ए, बी, सी, डी. तो क्रम घालून पाहिल्यावर पेन्सिलीतून जादू व्हावी तशा रोटरच्या जोडण्या उतरू लागल्या, असे त्याने नंतर लिहिले. समीकरणांइतकेच मला हे पाऊल मोलाचे वाटते. सिद्ध करता न येणारी गोष्ट मान्य करून पुढे जायचे, आणि ती खोटी असेल तर गणित लगेच सांगेल याची खात्री बाळगायची.

नशिबाचीही साथ होती. त्या काळी रोटरचा क्रम दर तिमाहीला बदलत असे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर वेगवेगळ्या तिमाहीतले, आणि दोन्हींत उजव्या जागी वेगळा रोटर होता. त्यामुळे दोन रोटरच्या तारा याच रीतीने मिळाल्या; उरलेला रोटर आणि रिफ्लेक्टर काढणे मग फारसे अवघड नव्हते. फ्रेंचांकडून आलेल्या सूचनापुस्तिकेत मूळ मजकूर, किल्ली आणि सांकेतिक रूप असा एक खरा नमुना छापलेला होता. सरकण्याचे उरलेले पर्याय त्याने निकालात निघाले. जानेवारी १९३३ मध्ये पोलंड जर्मन लष्कराचे संदेश वाचू लागला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हिटलर चॅन्सेलर झाला.

पुढच्या वर्षांचा तपशील मोठा आहे, पण एक धागा सोडता येत नाही. साखळ्यांच्या लांब्या नावे बदलल्याने बदलत नाहीत, आणि प्लगबोर्ड दोन्ही टोकांना नावेच बदलतो. म्हणजे रोजच्या साखळ्यांच्या लांब्यांवर प्लगबोर्डचा काहीही परिणाम होत नाही! १०,०३९ कोटी एका फटक्यात बाजूला झाले आणि उरले ते रोटरचे ६ × १७,५७६, म्हणजे १,०५,४५६ प्रकार. रेयेव्स्कीने सायक्लोमीटर नावाचे साधन बनवले, प्रत्येक प्रकारासाठी लांब्या मोजल्या आणि कार्डांची नोंदवही केली. या कामाला वर्षाहून अधिक काळ लागला. नंतर दिवसाची किल्ली १० ते २० मिनिटांत सापडू लागली. नोव्हेंबर १९३७ मध्ये जर्मनांनी रिफ्लेक्टर बदलला आणि सगळी कार्डे नव्याने करावी लागली. तिघांनी ती केलीही.

सप्टेंबर १९३८ मध्ये जर्मनांनी सर्वांना एकच मूळ स्थिती देणे बंद केले, मात्र किल्ली दोनदा टाइप करणे चालू ठेवले. कार्डे निकामी झाली, पण दुहेरी टाइपिंगचा माग उरलाच होता. त्यावर झिगाल्स्कीने छिद्रांचे कागद आणि रेयेव्स्कीने ‘बोंबा’ हे यंत्र तयार केले. डिसेंबर १९३८ मध्ये आणखी दोन रोटर आले. त्यांच्या तारा पोलिश गणितींना काढता आल्या, कारण नाझी पक्षाच्या गुप्तचर शाखेचे जाळे अजून जुनीच पद्धत वापरत होते. तरी पाचातून तीन निवडण्याचे क्रम आता ६० झाले आणि दहापट काम करण्याइतकी साधने पोलंडकडे नव्हती.

२५ आणि २६ जुलै १९३९ रोजी वॉर्साजवळच्या पिरीच्या जंगलात त्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच प्रतिनिधींना सगळे दाखवले. ब्रिटनचे गुप्तलिपीतज्ज्ञ डिली नॉक्स एनिग्माशी बराच काळ झुंजत होते आणि त्यांचा पहिला प्रश्न प्रवेशचक्राच्या क्रमाबद्दल होता. ए, बी, सी, डी हे उत्तर ऐकून ते आधी चिडले आणि मग आनंदले. यंत्राची एकेक पोलिश प्रतिकृती दोन्ही देशांना मिळाली. पाच आठवड्यांनी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. तिघे रुमानियामार्गे फ्रान्सला निसटले. जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून रुझित्स्कीचा मृत्यू झाला. रेयेव्स्की आणि झिगाल्स्की स्पेनमार्गे ब्रिटनला पोहोचले. तिथे त्यांना एनिग्माचे काम मिळाले नाही. किरकोळ गुप्तलिप्या सोडवायला दिल्या. हा अन्याय होता असे मी म्हणेन, गोपनीयतेची कारणे काहीही असोत. रेयेव्स्की १९४६ मध्ये बिद्गोश्चला आपल्या कुटुंबाकडे परतला आणि पुढे हिशेबाच्या नोकऱ्या करत राहिला. १९७० च्या दशकापर्यंत त्याचे काम जगाला ठाऊक नव्हते.

१ मे १९४० पासून जर्मन लष्कर आणि हवाई दलाने किल्ली दोनदा टाइप करणे बहुतेक ठिकाणी थांबवले आणि झिगाल्स्कीचे कागदही निरुपयोगी झाले. ब्लेचलीतला ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग याने तोवर दुसरी वाट धरली होती. त्याचे बॉम्ब यंत्र सुरुवातीच्या सहा अक्षरांवर अवलंबून नव्हते. संदेशात असणारच असा एखादा मजकूर ओळखायचा, अक्षर स्वतःमध्ये बदलत नाही या नियमाने तो संदेशात कुठे बसतो ते ठरवायचे, आणि मग रोटरच्या स्थिती वेगाने तपासायच्या. त्यासाठी तारांची जोडणी आधी माहीत असावी लागते. लष्कराच्या पहिल्या तीन रोटरमधल्या तारा जर्मनांनी १९४५ पर्यंत बदलल्याच नाहीत, त्यामुळे ब्लेचलीच्या बॉम्ब यंत्रांतही त्या तीन रोटरसाठी रेयेव्स्कीने काढलेलीच जोडणी होती.